नाडीवरचे बोट

माणूस आजारी पडतो हे कोणासही समजते. परंतु तपासणीत कोणताही आजार सापडत नसताना माणूस खरोखरीच आजारी असू शकतो, हे समजण्यास आम्हांस वयाची साठ वर्षे घालवावी लागली. ती समजूत आली तीही पुस्तकातून नव्हे, तर बोटाला लावायच्या एका लहानशा चिमट्यातून.

२०२१ सालच्या एप्रिल महिन्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, आमचा धाकटा भाऊ मुंबईत वारला. आम्ही लांज्यास आणि तो तिथे. प्रवासाची बंदी, रुग्णालयाची बंदी. त्याच्या अंत्यविधीची प्रार्थना आम्ही फोनच्या पडद्यावर पाहिली, आणि मध्येच संपर्क तुटला तो पुन्हा जुळलाच नाही. त्याच सुमारास आम्हांसही ताप येऊन गेला. तो सौम्य होता, आठवड्यात उतरला. पण घरात आणलेला ऑक्सिमीटर मात्र उशाखालून हलला नाही. सकाळी उठल्यावर सत्त्याण्णव, अंघोळीनंतर शहाण्णव, जेवल्यावर अठ्ठ्याण्णव. शहाण्णव आले की पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावयाचे. काही दिवसांनी आकड्याखाली दिसणाऱ्या नाडीच्या ठोक्यांकडे लक्ष गेले, आणि चिमटा जवळ नसेल तेव्हा दुसऱ्या हाताचे बोट मनगटावर जाऊ लागले. मिस्सेत उपदेश चालू असतानाही आम्ही नाडी मोजत असू.

पुढे छातीत कळ येऊ लागली. लांज्याच्या डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला. तो निर्दोष होता. त्या कागदाने आम्हांस पंधरा दिवसांची शांतता दिली. मग रत्नागिरीस जाऊन इको केला. ती शांतता आठ दिवस टिकली. पालीवरून साखरपा आणि आंबा घाट ओलांडून कोल्हापुरास जाऊन धावपट्टीवरची चाचणी केली. तिचा दिलासा तीन दिवसांचा. त्यानंतर पुन्हा रत्नागिरीस छातीचा स्कॅन झाला. 'सर्व नॉर्मल आहे' हे शब्द ऐकून आम्ही एस.टी.त बसलो. हातखंबा आला आणि मनात आले, यंत्र चालवणारा तो मुलगा फारच तरुण होता. त्याने नीट पाहिले असेल ना? पाली येईपर्यंत दिलाशाचा मागमूस राहिला नव्हता. उतारा दर वेळी कमी पडत होता, म्हणून मात्रा दर वेळी वाढवावी लागत होती. हे कशाचे लक्षण आहे, हे एखाद्या दारुड्यास आम्ही तत्काळ सांगितले असते. स्वतःस मात्र सांगता आले नाही.

आमची पत्नी प्रत्येक वेळी म्हणे, "अहो, तुम्हांला काही झालेले नाही." ती प्रेमाने म्हणे. पण त्या वाक्यातून आम्हांस एकच ऐकू येई, की छातीत जे दुखते ते खोटे आहे.

तेव्हा आम्हांस आत्याची आठवण झाली. तिचे यजमान गिरणगावातील एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात कोकणातील हजारो घरांची चूल विझली, त्यांतले एक घर तिचे. दोघे गावी परतले. चार वर्षांत यजमान गेले आणि आत्या आमच्याकडे राहावयास आली. तिच्या पोटात गोळा उठे. तो फिरे, छातीपर्यंत चढे, घशाशी येऊन थांबे. तिच्या तपासण्या झाल्या, औषधे झाली. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून कोणी 'बाहेरचे' आहे का तेही विचारून झाले. काहीच निघाले नाही, म्हणून आम्ही मुले त्या गोळ्यास हसू लागलो. "आत्या, आज गोळा कुठवर आला? राजापूर की ओणी?" असे आम्ही विचारत असू. ती एकदाच रागावली. म्हणाली, "रिपोर्टात नाही म्हणून पोटात नाही, असं कसं रे?" या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, म्हणून आम्ही पुन्हा हसलो. २००९ साली ती गेली.

तिच्या प्रश्नाला आज वैद्यकशास्त्र काय उत्तर देते, हे आम्ही मागाहून, स्वतःच्या गरजेपोटी वाचले. 'हायपोकाँड्रिया' या जुन्या ग्रीक शब्दाचा अर्थ बरगड्यांच्या कुर्च्यांखालची जागा, म्हणजे आमच्या आत्याचा गोळा जिथे उठे तीच. पुढे या शब्दाला टवाळीचा वास चिकटला. फ्रेंच नाटककार मोलिएर याने 'कल्पित रोगी' या नावाचे प्रहसन लिहिले आणि त्यातील रोगभ्रमी माणसाची भूमिका स्वतः केली. १७ फेब्रुवारी १६७३ रोजी, चौथ्या प्रयोगात, रंगमंचावरच त्याला त्रास सुरू झाला आणि त्याच रात्री तो मरण पावला. प्रेक्षक ज्याच्या खोट्या आजाराला हसत होते, तो माणूस त्यांच्यासमोर खरोखरीच मरणाच्या दारी उभा होता.

२०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या रोगनिदानाच्या ग्रंथातून तो जुना शब्दच काढून टाकला. त्या वेळी संघटनेचे अध्यक्षपद मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात मनोविकारशास्त्र शिकलेले डॉ. दिलीप जेस्ते यांच्याकडे होते, ही मराठी वाचकास ठाऊक असावी अशी गोष्ट आहे. नव्या मांडणीत जुन्या शब्दाच्या जागी दोन नावे आली: शारीरिक लक्षणांनी ग्रासून जाण्याचा विकार आणि आजाराच्या चिंतेचा विकार. परंतु नावांहून दृष्टीतला बदल मोठा होता. तपासणीत कारण सापडले नाही, एवढ्यावरून आता निदान करावयाचे नाही. त्या लक्षणाने माणसाचे मन, वेळ आणि आयुष्य किती व्यापले आहे, ते पाहावयाचे. कारण न सापडणे म्हणजे दुखणे नसणे नव्हे. आत्याने हेच तर विचारले होते.

मग दुखते कसे? हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ आर्थर बार्स्की यांनी याला संवेदनांचे 'वर्धन' म्हटले आहे. १९९० साली त्यांनी ते मोजण्यासाठी दहा विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. आपल्या प्रत्येकाच्या देहात दिवसभर लहानसहान आवाज चालू असतात: आतडी हलतात, स्नायू आखडतात, एखादा ठोका चुकतो. लक्ष दुसरीकडे असले की ते ऐकू येत नाहीत. लक्ष तिकडेच लावले की तेच आवाज, ध्वनिक्षेपक लावावा तसे मोठे होतात. त्यात भीतीची भर पडली की रक्तात ॲड्रेनलिन वाढते, नाडी धावते. श्वास जलद झाला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, छाती आवळते. म्हणजे हृदयविकाराच्या भीतीने जी लक्षणे उत्पन्न होतात, ती हृदयविकारासारखीच भासतात, आणि भीती आणखी वाढते. यात ढोंग कोठेच नाही. देह खरा, कळ खरी. तिचा लावलेला अर्थ तेवढा चुकीचा.

आणि हा विकार निरुपद्रवीही नाही. स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ ते २०२० या काळातील राष्ट्रीय नोंदी तपासल्या. रोगभ्रमाचे निदान झालेल्या ४,१२९ माणसांची तुलना त्यांनी हे निदान नसलेल्या, त्यांच्या दहापट माणसांशी केली आणि २०२३ च्या डिसेंबरात निष्कर्ष प्रसिद्ध केले. निदान झालेल्या लोकांत मृत्यूचे प्रमाण ८४ टक्क्यांनी अधिक होते. ते सरासरी पाच वर्षे लवकर मरण पावले. आत्महत्येचा धोका तर चौपटीहून अधिक होता. मरणाला सर्वाधिक भिणारी माणसेच लवकर मेली. आम्ही ज्या गोळ्याला हसलो, त्याचे वजन हे असे होते.

आपल्या जवळचे दाखलेही आहेत. २००५ साली डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी १२ टक्के स्त्रियांना दीर्घकाळचा थकवा होता. आपण लगेच म्हणू, रक्त कमी असेल. पण हिमोग्लोबिनशी त्या थकव्याचा संबंध आढळला नाही; तो आढळला गरिबीशी, नवऱ्याच्या जाचाशी आणि मनावरच्या ताणाशी. पुण्यात के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. वासुदेव परळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थकवा व अशक्तपणाची तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णांचा अभ्यास केला. तो मनोविकार विभागापुरता न ठेवता सामान्य चिकित्सा, त्वचारोग आणि आयुर्वेद या विभागांतही केला, आणि तुमच्या दुखण्याला तुम्ही काय म्हणता, ते कशाने झाले असे तुम्हांला वाटते, हे त्यांनी रुग्णांनाच विचारले. आम्ही हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. आत्या आमच्या घरात तेवीस वर्षे होती. गोळा कुठवर आला हे आम्ही तिला शंभरदा विचारले असेल. तो कशाने आला असे तिला वाटते, हे एकदाही विचारले नाही.

आता पुन्हा आमच्या चिमट्याकडे येतो. त्या वर्षीच्या मे महिन्यात आमची सात वर्षांची नात घरी होती. एका दुपारी ती ओटीवर बाहुलीशी खेळत होती. आम्ही जवळ गेलो तो तिने बाहुलीच्या हाताला ऑक्सिमीटर लावलेला. मान वर करून तिने विचारले, "आजोबा, हिचा आकडा येत नाही. ही मेली का?"

त्या क्षणी आम्हांस कळले की आमची भीती आमच्यापुरती राहिलेली नाही. घरात ती वारसा म्हणून उतरू लागली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतली.

हे वाक्य लिहावयास सोपे आहे. १८८६ पासून रत्नागिरीस मनोरुग्णालय आहे. पुणे, ठाणे आणि नागपूर यांच्याबरोबरचे राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ते एक. परंतु आमच्या भागात 'याला रत्नागिरीस न्या' ही लहानपणापासून ऐकलेली शिवी. इकोसाठी जाताना शेजाऱ्यांना मोठ्याने सांगणारे आम्ही, या खेपेस बाजाराचे निमित्त सांगून निघालो. ज्यांना भेटलो ते डॉक्टर खासगी दवाखान्यातले होते. आमची जाडजूड फाईल त्यांनी पूर्ण चाळली, ती बंद केली आणि विचारले, "भाऊ गेला तेव्हा तुम्ही रडलात का?" आम्ही रडलो नव्हतो. त्या दिवशी रडलो.

उपचारात चमत्कार नव्हता. डॉक्टरांनी एक सौम्य गोळी दिली आणि तिच्याबरोबर काही नियम. ऑक्सिमीटर पत्नीच्या स्वाधीन. नाडी पाहावीशी वाटली तर पाहावयाची, परंतु दहा मिनिटांनी. मग वीस, मग तासाने. आजारांविषयी फोनवर शोधावयाचे नाही. लांज्याचे एकच डॉक्टर धरावयाचे आणि दुखले म्हणून नव्हे, तर ठरलेल्या तारखेस जावयाचे. नवे काही लक्षण त्यांना योग्य वाटले तर ते तपासतील, आपण तपासणी मागावयाची नाही. सर्वांत कठीण नियम घरच्यांसाठी होता: 'तुम्हांला काही झालेले नाही' असे म्हणावयाचे नाही. साल्कोव्हस्किस आणि वॉर्विक या इंग्रज संशोधकांनी १९८६ सालीच दाखविले होते की अशा रुग्णास वारंवार दिलेली ग्वाही त्याची भीती जिवंत ठेवते. दिलाशाने तात्पुरते सुटल्यासारखे वाटते, आणि पुढच्या वेळी तोच दिलासा मागावासा वाटतो. मग घरच्यांनी म्हणावयाचे काय? डॉक्टर पत्नीस म्हणाले, "म्हणा, भीती वाटते आहे ना, मी जवळ बसते." तिने तसे केले. पहिल्या रात्री आम्ही तीन वेळा विचारले, "पण मला काही होणार नाही ना?" ती म्हणाली, "ते मला ठाऊक नाही. मी इथे आहे." त्या उत्तराचा तेव्हा आम्हांस संताप आला. आज वाटते, आमच्या लग्नाच्या आयुष्यात तिने आमच्याशी याहून खरे काही बोलले नसेल.

मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत पतंजलीच्या विचारांवर आधारलेली एक पद्धत मनोकायिक रुग्णांवर वापरून तिच्यावर शोधनिबंध लिहिले. नुसती आसने आणि श्वासाचे व्यायाम यांवर ती थांबत नसे. लक्ष हळूहळू एका जागी स्थिर करण्यास रुग्णास शिकविले जाई. इंग्लंडमध्ये २०१४ साली ४४४ रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. हे रुग्ण मनोविकार विभागातले नव्हते; हृदय, पोट, श्वसन अशा विभागांत खेटे घालणारे होते. पाच ते दहा बैठकांच्या बोलण्याच्या उपचाराने त्यांची चिंता उतरली, आणि तो लाभ दोन वर्षांनंतरही टिकला. हे उपचार करणारे बहुतेक जण या कामात नवशिके होते, आणि त्यांत परिचारिकांचे काम विशेष चांगले ठरले. आपल्या कॅथलिक कुटुंबांतून किती मुली आणि किती धर्मभगिनी या सेवेत आहेत, हे सांगावयास नको. आपल्या गोव्यातही 'मानस' या चाचणीत सामान्य घरांतील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन खिन्नता आणि चिंता यांवर समुपदेशन करावयास लावले होते. २०१० साली तिचे निष्कर्ष आले आणि सरकारी आरोग्य केंद्रांत तिचा गुण दिसला. आज १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस' ही सरकारी सेवा अहोरात्र विनामूल्य मिळते. लांज्याच्या आतल्या वाडीतील माणसासही बाजाराचे निमित्त न सांगता तेथे बोलता येते.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी नव्हे, आमच्या धर्मगुरूंनी केली. त्या वर्षभरात आम्ही दर पंधरवड्यास पापनिवेदनास जात असू आणि दर वेळी एकच पाप सांगत असू, की आम्ही भितो, म्हणजे आमचा देवावर विश्वास नाही. रोझरी म्हणताना मन नाडीकडे गेले की तो दशक आम्ही पुन्हा म्हणत असू. कधी कधी चार वेळा. एके दिवशी धर्मगुरू म्हणाले, "हे पाप नाही, आणि यापुढे हे तुम्ही मला सांगायचे नाही." मग त्यांनी संत इग्नेशियसची हकिगत सांगितली. १५२२ साली मोन्सेर्रात येथे त्याने तीन दिवस लिहून काढून संपूर्ण आयुष्याचे पापनिवेदन केले. तरीही मान्रेसा येथे त्याला शंका येतच राहिली, की काही राहिले तर नाही ना. पुन्हा निवेदन, पुन्हा शंका. त्या यातनेत जीव देण्याचाही विचार त्याच्या मनात येऊन गेला. शेवटी जुनी पापे पुन्हा सांगावयाची नाहीत असा निश्चय त्याने केला, तेव्हा तो सुटला. अधिक तपशिलाने निवेदन करून तो सुटला नव्हता.

आम्ही थक्क झालो. मान्रेसाची ती गुहा आणि हातखंब्याची आमची एस.टी. यांत पाचशे वर्षांचे अंतर, पण आजार एकच. तो क्षमेची खात्री मागत होता आणि आम्ही आरोग्याची. दोघांनाही खात्री मिळत होती आणि ती हातात घेताच विरघळत होती. कारण या गोष्टींची खात्री माणसास दिलेलीच नाही. दिलेला आहे तो विश्वास, आणि हे दोन शब्द आम्ही इतकी वर्षे एकाच अर्थाने वापरत आलो होतो. ज्याची खात्री पटली त्यावर विश्वास ठेवण्याची गरजच काय? विश्वास लागतो तो न कळणाऱ्या गोष्टीसमोर, रात्री दोन वाजता, छातीत कळ असताना.

याचा अर्थ वैद्याकडे पाठ फिरवावी असा कोणी घेऊ नये. सिराखच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखावयास सांगतो, त्याला देवानेच नेमले आहे असे मानतो. छातीत नवी, तीव्र कळ आली तर तातडीने रुग्णालय गाठलेच पाहिजे. आम्ही सांगतो ते चारदा दार ठोठावून चारदा उत्तर मिळाल्यानंतरच्या पाचव्या ठोठावण्याविषयी. तेथे दुसरे दार आहे, आणि त्या दारी जाण्यात लाज नाही.

आम्ही पूर्ण बरे झालो असे म्हणवत नाही. पावसाळ्यात, रात्री वीज गेली आणि कौलांवर पाऊस कोसळू लागला, की आजही बोट मनगटाकडे जाते. ते कधी मागे घेतो, कधी घेत नाही. ऑक्सिमीटर पत्नीच्या कपाटात आहे, आणि तो कोठे आहे हे ठाऊक असूनही आम्ही तो मागितलेला नाही, यास दोन वर्षे झाली. भावासाठी दर एप्रिलमध्ये मिस्सा सांगतो आणि तिला स्वतः हजर राहतो.

आणखी एक करतो. ११ फेब्रुवारी, लुर्द मातेचा सण, हा दिवस पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली जागतिक रुग्ण दिन म्हणून ठरविला. त्या दिवशी आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत आम्ही मनातल्या मनात आत्याचे नाव घेतो. तिला आम्ही आजारी मानले नाही. निदान तिच्या मागे तरी तिला त्या यादीत जागा द्यावी, एवढेच. वाचकांच्या घरीही एखादी आत्या असेल, जिच्या रिपोर्टात काही निघत नाही. तिला हसू नये, आणि 'तुला काही झालेले नाही' असेही म्हणू नये. जवळ बसावे आणि विचारावे, हे कशाने झाले असे तुला वाटते? उत्तर लांबेल. लांबू द्यावे.